उन्हाशी कुस्ती नको, तह करा!

मुलांनो, एक सोपा प्रश्न. मे महिन्यात नागपूरला पारा ४३ अंशांच्या घरात जातो आणि रत्नागिरीला तो साधारण ३३ अंशांवर थांबतो. मग सायकलवरून लांबची सहल कुठे सोपी? ‘रत्नागिरीत!’ असं पटकन म्हणालात ना? इथेच तर गंमत आहे. आणि थोडा धोकाही.

आपण सायकल चालवतो तेव्हा शरीर जी शक्ती खर्च करतं, तिच्यातला जेमतेम पाव भाग पायडल फिरवायच्या कामी येतो. बाकीच्या शक्तीची होते उष्णता. ती अंगाबाहेर टाकायची शरीराची युक्ती म्हणजे घाम. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळता वाळता तो अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं ते याच नियमानं.

नागपूरच्या कोरड्या हवेत घाम बघता बघता वाळतो. (तिथं हवाच अंगापेक्षा जास्त तापलेली असते, तो धोका वेगळा.) रत्नागिरीला मात्र समुद्रामुळे हवा आधीच बाष्पानं भरलेली. तिच्यात आणखी बाष्प मावणार किती? मग घाम नुसता निथळत राहतो. अंगातलं पाणी जातं, मीठ जातं, पण अंग काही गार होत नाही. कोकणातले ३३ अंश असे फसवे असतात!

खाडी आणि सडा

आता रस्ता बघू. रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनाऱ्यानं गणपतीपुळे सुमारे २५ किलोमीटर. पुढे मालगुंड, म्हणजे कवी केशवसुतांचं जन्मगाव. मग जयगड. तिथं शास्त्री नदीची खाडी आडवी येते. फेरीबोटीत सायकली चढवायच्या, पलीकडे तवसाळला उतरायचं आणि हेदवी, वेळणेश्वर करत गुहागर गाठायचं. वा! नुसतं वाचूनच पाय शिवशिवायला लागले ना?

नकाशावर हा सगळा सपाट किनारा वाटतो. प्रत्यक्षात रस्ता खाडीकाठच्या गावातून वर सड्यावर चढतो आणि पुन्हा पुढच्या खाडीकडे उतरतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. सावलीला झाड नाही आणि दुपारी कातळ तव्यासारखा तापलेला. चढावर मेहनत वाढते आणि वेग घटतो. वेग घटला की अंगावर येणारा वाराही बंद होतो. म्हणजे उष्णता सर्वांत जास्त तयार होते, नेमकी तेव्हाच ती बाहेर पडत नाही.

मुंबईचे सहा जण

मग काय, उन्हाळ्यात सायकल काढायचीच नाही? तसं मुळीच नाही. १५ ऑक्टोबर १९२३ या दिवशी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या प्रवासाला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तुम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमान कपाडिया. सगळे विशीतले. गिअरच्या सायकली नाहीत, धड नकाशे नाहीत. बगदादहून आलेप्पोला जाताना त्यांना मेसोपोटेमियाचं सुमारे ९५० किलोमीटरचं वाळवंट लागलं. ते त्यांनी २३ दिवसांत पार केलं.

आता जरा गणित करा. ९५० भागिले २३. दिवसाला साधारण ४१ किलोमीटर! व्यायामानं कमावलेल्या शरीराचे हे तरुण, पण उन्हात आणि वाळूत त्यांचीही रोजची मजल एवढीच. कपाडिया तेहरानहून परतले, हाथीराम आणि पोचखानावाला अमेरिकेपर्यंत बरोबर होते. हकीम, बापासोला आणि भुमगरा १८ मार्च १९२८ ला पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मुंबईत पोहोचले. साडेचार वर्षं, सत्तर हजार किलोमीटर. तेव्हा गणपतीपुळ्यापर्यंतच्या २५ किलोमीटरना पहिला दिवस दिला, तर त्यात कमीपणा कसला?

टोळीचे नियम

उन्हाशी तह करायचा तर त्याच्या वेळा पाळायच्या. झुंजूमुंजू झालं की निघायचं, दिवा आणि मागचा लाल रिफ्लेक्टर लावून. दहाच्या आत सावली गाठायची. मग जेवण, झोप, पत्ते, काय हवं ते. पुढची मजल साडेचारनंतर.

निघताना मीठ घातलेली गरमागरम पेज पोटात हवी. वाटेत तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-चार घोट पाणी. थांबाल तिथं कोकम सरबत, पन्हं, ताक किंवा शहाळं. यातलं काहीच मिळालं नाही, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा बरं का!

सर्वांत हळू चालवणारा पुढून दुसरा ठेवा आणि टोळीचा वेग त्याच्यावरून ठरवा. सर्वांत दणकट गडी शेवटी, पंप आणि पंक्चरचं सामान घेऊन. आणि प्रत्येकाला एक जोडीदार नेमून द्या.

जोडीदार कशाला? ऐका. ऊन बाधायला लागलं की डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. तेवढ्यावर थांबलं, सावलीत बसलं, पाणी प्यायलं तर माणूस सावरतो. पण अंगाचं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं की मेंदूच गोंधळतो. मग ज्याची अवस्था सर्वांत वाईट, तोच म्हणतो, “मला काही झालेलं नाही, चला पुढे!” स्वतःचा उष्माघात स्वतःला कळत नाही. तो दुसऱ्यानंच ओळखावा लागतो.

म्हणून जोडीदाराला मधून मधून विचारा, “पुढचं गाव कोणतं रे?” तो बरळला, सायकल वेडीवाकडी जायला लागली, तर सगळ्या टोळीनं थांबायचं. त्याला सावलीत निजवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. उष्माघातात जीव जाऊ शकतो, त्यामुळे ‘थोडं थांबून बघू’ हा विचार नको.

आई-बाबांसाठी

शरीर उन्हाला सरावायला एक-दोन आठवडे लागतात. त्यामुळे सहलीच्या आधी पंधरा दिवस रोज थोडी थोडी सायकल चालवायला पाठवा. हेल्मेट आणि ब्रेक स्वतः तपासा. बरोबर एखादा मोठा माणूस द्या. आणि मुलं संध्याकाळी परतली, की ‘किती किलोमीटर झाले?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘सगळे बरोबर पोहोचलात ना?’