पडद्यावरचे चित्र आणि त्यामागचे आकडे

टॅब्लेटच्या पडद्यावर बहिर्गोल भिंगाची किरणाकृती उघडलेली आहे असे समजा. आकृती सुबक आहे, परीक्षेच्या वेळी ती पुन्हा लागणार आहे. तुम्ही दोन बटणे एकदम दाबता. ‘खट्’ असा कॅमेऱ्यासारखा आवाज होतो, पडदा क्षणभर लुकलुकतो आणि आकृती तुमच्या चित्रसंग्रहात जाऊन बसते. यालाच आपण स्क्रीनशॉट म्हणतो.

आता एक साधा प्रश्न. हे छायाचित्र कोणत्या कॅमेऱ्याने काढले? टॅब्लेटचे दोन्ही कॅमेरे तर पडद्याकडे पाहतच नाहीत! एकाचे तोंड तुमच्याकडे असते आणि दुसऱ्याचे टेबलाकडे. मग प्रकाश कोठून आला आणि भिंग कोठे होते?

खरे म्हणजे येथे भिंगही नव्हते आणि प्रकाशही नव्हता. तो ‘खट्’ आवाजसुद्धा आधी साठवून ठेवलेला असतो. काम झाल्याचे तुम्हाला कळावे एवढ्यासाठीच तो वाजवतात. स्क्रीनशॉट हे छायाचित्र नव्हे, ती आकड्यांची नक्कल आहे. ही एक गोष्ट नीट समजली, की स्क्रीनशॉट कसा काढावा, कसा जपावा आणि कोठे सावध राहावे हे सारे आपोआप उलगडत जाते.

पूर्वी काय करीत असत?

पडद्यावरचे चित्र टिपून ठेवण्याची गरज टॅब्लेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्युत तरंग पाहण्यासाठी ऑसिलोस्कोप वापरतात. त्याच्या पडद्यावरची रेषा जपून ठेवायची, तर पडद्यासमोर नरसाळ्यासारखे काळे आच्छादन लावून त्याच्या टोकाला कॅमेरा बसवीत आणि फिल्मवर छायाचित्र घेत. ते मात्र खरेखुरे प्रकाशाने काढलेले चित्र असे.

१९८१ साली आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक आला. त्याच्या कळफलकावर ‘प्रिंट स्क्रीन’ या कामासाठी एक कळ होती. ती शिफ्टच्या कळीबरोबर दाबली, की पडद्यावरची अक्षरे मुद्रणयंत्राकडे जाऊन कागदावर उमटत. येथे कॅमेरा गळून पडला. पडद्यावर काय आहे हे संगणकाला आधीच ठाऊक असते, मग ते डोळ्याने पाहण्याची गरजच काय? आजचा स्क्रीनशॉट याच विचारावर उभा आहे.

पडदा म्हणजे आकड्यांचा तक्ता

टॅब्लेटचा पडदा बारीक बारीक चित्रबिंदूंचा, म्हणजे पिक्सेलचा बनलेला असतो. उदाहरणादाखल १०.२ इंची आयपॅड घेऊ. २०२१ साली निघालेल्या त्याच्या नवव्या आवृत्तीच्या पडद्यावर एका दिशेने २१६० आणि दुसऱ्या दिशेने १६२० बिंदू आहेत. या संख्यांचे गुणोत्तर ४ : ३ आहे. तेव्हा पायथागोरसच्या सिद्धांताने कर्णावर किती बिंदू बसतील? बरोबर, २७००! त्यांना १०.२ ने भागले, तर एका इंचात सुमारे २६५ बिंदू येतात. इतके बिंदू डोळ्याला हातभर अंतरावरून सुटे दिसत नाहीत, म्हणून अक्षरे अखंड वाटतात.

प्रत्येक बिंदूचा रंग तांबडा, हिरवा आणि निळा या तीन रंगांच्या प्रमाणावर ठरतो. प्रत्येक प्रमाण ० ते २५५ यांमधील एका आकड्याने सांगतात. तिन्ही ० असले तर काळा, तिन्ही २५५ असले तर पांढरा. अशा रीतीने २५६ × २५६ × २५६, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग सांगता येतात.

हे सर्व आकडे टॅब्लेटच्या स्मृतीत एका तक्त्याच्या रूपाने मांडलेले असतात. बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा हा तक्ता वाचून स्वतःला ताजे करतात. तुम्ही बटणे दाबता तेव्हा यंत्रणा त्या क्षणीच्या तक्त्याची एक प्रत बाजूला काढते आणि तिची फाइल बनवते. स्क्रीनशॉट तो एवढाच.

बटणे कोणती? ज्या आयपॅडला पुढच्या बाजूस गोल होम बटण आहे, त्यावर वरच्या कडेचे बटण आणि होम बटण एकदम दाबावे. होम बटण नसेल, तर वरचे बटण आणि आवाजाचे एक बटण. बहुतेक अँड्रॉइड टॅब्लेटवर चालू-बंद करण्याचे बटण आणि आवाज कमी करण्याचे बटण एकदम दाबतात. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०११ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून सर्वांना मिळाली. चित्रे ‘स्क्रीनशॉट्स’ नावाच्या वेगळ्या अल्बममध्ये किंवा फोल्डरमध्ये जातात.

काही अॅप मात्र स्क्रीनशॉट घेऊच देत नाहीत, किंवा चित्र नुसते काळे येते. बँकांची अॅप हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. नक्कल यंत्रणेकडून होत असल्यामुळे ‘माझ्या भागाची नक्कल करू नको’ असे अॅप तिला सांगू शकते. खऱ्या कॅमेऱ्याला असे कोण सांगणार?

तीन सोपे प्रयोग

स्क्रीनशॉट म्हणजे आकडे, प्रकाश नव्हे, हे तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता. शिक्षकांनाही हे प्रयोग वर्गात करून दाखवता येतील.

पहिला प्रयोग : एखादे चित्र उघडा. पडद्याचा उजेड अगदी कमी करा आणि स्क्रीनशॉट घ्या. मग उजेड पूर्ण वाढवून त्याच चित्राचा दुसरा स्क्रीनशॉट घ्या. आता दोन्ही एकापाठोपाठ पाहा. पहिला अंधारलेला दिसेल असे वाटते ना? दोन्ही सारखेच दिसतात! उजेड कमी केल्याने पडद्याचा प्रकाश मंदावतो, तक्त्यातील आकडे मात्र तेच राहतात.

दुसरा प्रयोग : पडद्यावर धूळ, बोटांचे ठसे किंवा चरा असेल, तर तसाच स्क्रीनशॉट घ्या. तो दुसऱ्या यंत्रावर पाहिला, तर त्यात धूळही नाही आणि चराही नाही. ती काचेवर असते; तक्त्यापर्यंत पोचत नाही.

तिसरा प्रयोग : आता त्याच पडद्याचे दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने छायाचित्र घ्या. पुष्कळदा त्यात इंद्रधनुषी लाटा किंवा पट्टे दिसतील. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले, की असेच पट्टे दिसतात. येथे एक जाळी पडद्याच्या बिंदूंची आणि दुसरी कॅमेऱ्यातील संवेदक बिंदूंची. दोन्ही जाळ्या नेमक्या जुळत नाहीत, म्हणून हे पट्टे उमटतात. स्क्रीनशॉटमध्ये दुसरी जाळीच नसते, म्हणून तो स्वच्छ येतो.

एवढे आकडे ठेवायचे कोठे?

आपल्या आयपॅडच्या पडद्यावर २१६० × १६२०, म्हणजे ३४,९९,२०० बिंदू आहेत. प्रत्येकी तीन आकडे आणि एका आकड्याला एक बाइट धरला, तर १,०४,९७,६०० बाइट होतात. म्हणजे एका स्क्रीनशॉटला साधारण साडेदहा मेगाबाइट जागा लागायला हवी. प्रत्यक्षात फाइल पुष्कळच लहान असते. हे कसे?

वहीच्या कोऱ्या पानाचे वर्णन करताना तुम्ही ‘पांढरा, पांढरा, पांढरा’ असे २१६० वेळा म्हणाल काय? ‘पांढरा, २१६० वेळा’ एवढेच म्हणाल. जे पुन्हा पुन्हा येते ते एकदाच सांगायचे, हे या युक्तीचे सार. १९७७ साली अब्राहम लेंपेल आणि याकोब झिव या दोन शास्त्रज्ञांनी ती व्यवस्थित मांडली. १९९६ साली ठरलेली पीएनजी ही चित्राची पद्धत याच तत्त्वावर चालते. फाइल लहान होते, पण एकही आकडा बदलत नाही. आयपॅड स्क्रीनशॉट सहसा याच पद्धतीने साठवतो.

दुसरी पद्धत जेपीईजी. ती १९९२ साली प्रमाणित झाली. तीत चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोन कोसाइन तरंगांच्या बेरजेने मांडतात आणि डोळ्याला न जाणवणारे बारीक तरंग सोडून देतात. शाळेच्या त्रिकोणमितीत भेटणारा कोसाइन तो हाच! हे गणित १९७४ साली मांडणाऱ्या तिघांपैकी नासिर अहमद यांचा जन्म बंगळूरचा. डोंगर, झाडे, चेहरे यांच्या छायाचित्रांना ही पद्धत उत्तम. अक्षरांच्या काटेकोर कडांभोवती मात्र तिने धुरकट ठिपके पडतात. संदेशाच्या अॅपमधून चित्र पाठवले, की ते बहुधा असे दाबले जाते आणि गणिताची पायरी वाचता येत नाही. अशा वेळी ते चित्र म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून, म्हणजे मूळ फाइल म्हणून पाठवावे.

ढिगातून सुई

जागेपेक्षा मोठा प्रश्न शोधण्याचा आहे. रोज २० स्क्रीनशॉट घेतले, तर ३०० दिवसांत ६००० होतात. प्रत्येकावर २ सेकंद नजर टाकली, तरी सगळे पाहायला १२,००० सेकंद, म्हणजे ३ तास २० मिनिटे लागतील. परीक्षेच्या आदल्या रात्री एवढा वेळ कोणाजवळ असतो?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. स्क्रीनशॉटमधील अक्षरे संगणकाच्या दृष्टीने अक्षरे नसतात, रंगीत बिंदूच असतात. अलीकडच्या काही अॅपना चित्रातील अक्षरे ओळखता येतात, पण ती ओळख चुकू शकते. म्हणून पुढील सवयी लावून घ्याव्यात.

१. घेतल्याबरोबर कापा. कोपऱ्यात दिसणाऱ्या लहान चित्रावर बोट ठेवले, की कडा कापता येतात. हवी तेवढीच आकृती ठेवा.

२. विषयवार अल्बम करा. शक्य असेल तेथे फाइलला ‘प्रकाश-भिंग-किरणाकृती’ असे नाव द्या. यंत्राने दिलेल्या नावात बहुधा तारीख आणि वेळ असते; त्यावरून विषय कळत नाही.

३. दर रविवारी दहा मिनिटे निवड करा. काम झालेले चित्र काढून टाका. आयपॅडमध्ये काढलेले चित्र साधारण ३० दिवस ‘अलीकडे काढलेले’ या अल्बममध्ये राहते. तोवर जागा मोकळी होत नाही, पण चुकून काढले असेल तर परत मिळते.

४. ज्याचा मजकूर तुम्ही वहीत उतरवला, त्याचा स्क्रीनशॉट ठेवू नका.

चौथी सवय सर्वांत महत्त्वाची. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संग्रहालयातील काही वस्तू लोकांना नुसत्या पाहायला सांगितल्या आणि काहींची छायाचित्रे घ्यायला सांगितली. छायाचित्र घेतलेल्या वस्तू लोकांच्या कमी लक्षात राहिल्या. मात्र वस्तूचा एखादा भाग जवळ आणून टिपला, तेव्हा तशी हानी झाली नाही. प्रयोग स्क्रीनशॉटचा नव्हता, तरी विचार करण्यासारखा आहे. आकृती टॅब्लेटने साठवली म्हणून ती तुमच्या डोक्यात गेली असे होत नाही. कापताना, खूण करताना, नाव देताना आपण ती पुन्हा पाहतो, हाच मोठा लाभ.

झाकले म्हणजे लपले काय?

स्क्रीनशॉट पडद्यावरचे सारे काही उचलतो. वरच्या पट्टीतील वेळ, नुकताच आलेला संदेश, मैत्रिणीचे नाव, कोणाचा फोन क्रमांक, सारे त्यात येते. दुसऱ्याला पाठवण्यापूर्वी ते पाहून घ्यावे, आणि कोणाचा खाजगी संदेश त्याला विचारल्याशिवाय पुढे धाडू नये.

पुष्कळ जण नको असलेला मजकूर काळ्या ‘मार्कर’ने रंगवतात. तो मार्कर किंचित पारदर्शक असेल तर? समजा, शंभरातील चारच भाग त्यातून दिसतात. खालच्या पांढऱ्या कागदाचा २५५ हा आकडा सुमारे १० होईल आणि काळ्या अक्षराचा ० तसाच राहील. ० आणि १० यांतील भेद डोळ्याला कळत नाही; दोन्ही काळेच दिसतात. पण आकडे वेगळे आहेत! कोणी सर्व आकडे २५ पटींनी वाढवले, तर कागद २५० आणि अक्षर ० होऊन मजकूर लख्ख वाचता येईल. म्हणून झाकायचेच असेल तर पूर्ण अपारदर्शक चौकोन वापरावा, किंवा तो भाग कापूनच टाकावा.

कापण्याचीही एक गोष्ट आहे. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये चित्र कापल्यावर नवी लहान फाइल जुन्या मोठ्या फाइलवर लिहिली जाई, पण जुनीचे शेपूट तसेच मागे राही. फळ्याची वरची बाजू पुसून लिहावे आणि खाली जुने गणित तसेच राहावे, तसा हा प्रकार. त्या शेपटातून कापलेला भाग काही अंशी परत मिळवता येत होता. २०२३ साली हा दोष उघड झाला आणि दुरुस्तही करण्यात आला. तोपर्यंत पाठवून झालेली चित्रे मात्र कोण दुरुस्त करणार?

शेवटी पुराव्याविषयी. जे आकडे नक्कल करता येतात, ते बदलताही येतात. एका बिंदूचा रंग बदलता येतो, तसा गुणपत्रिकेतील आकडाही बदलता येतो, आणि त्याचा कोणताही डाग मागे राहात नाही. म्हणून ‘हा पाहा स्क्रीनशॉट’ एवढ्यावरून कोणाविषयी वाईट मत करून घेऊ नये. मूळ ठिकाणी जाऊन पडताळा घ्यावा; विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही सवय असायलाच हवी.

आता तुमच्यासाठी एक काम. पूर्ण पडदाभर एकदा कोऱ्या पांढऱ्या पानाचा आणि एकदा जत्रेच्या गर्दीच्या छायाचित्राचा स्क्रीनशॉट घ्या. दोन्ही फाइलींचा आकार पाहून तो वहीत लिहा. बिंदू तेवढेच असताना आकारात फरक का पडला, याचे उत्तर वर आलेले आहे. ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. आणि हो, या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन तेवढ्यावरच थांबू नका!