नारेगाव ते कांचनवाडी : ओल्या कचऱ्यातील इंधन

शिळी भाकरी, भाजीचे देठ, गुरांचे शेण आणि तळ्यातील शेवाळ यांत प्रकाशसंश्लेषणाने साठलेली सूर्याची ऊर्जा शिल्लक असते, आणि ती उघड्यावर सडू द्यायची की बंदिस्त टाकीत इंधनाच्या रूपाने हाती घ्यायची, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरला टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. वर्षानुवर्षे शहराच्या कचरा डेपोची दुर्गंधी सोसलेल्या नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी फेब्रुवारी 2018 मध्ये कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा शहरात जागोजागी ढीग साचले आणि मार्चमध्ये मिटमिटा येथे कचरा टाकण्यावरून दगडफेक व जाळपोळही झाली. ग्रामस्थांची तक्रार पूर्णपणे रास्त होती. त्यानंतर शहराने जी प्रक्रिया केंद्रे उभारली, त्यांपैकी कांचनवाडीचा प्रकल्प ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस बनवण्यासाठी असून त्याची क्षमता दिवसाला 30 टन आहे.

अशा प्रकल्पातील हवाबंद टाकीत काही जिवाणू पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ फोडतात, काही त्यांची आम्ले करतात आणि शेवटी मिथेनजनक सूक्ष्मजीव त्या आम्लांपासून ज्वलनशील मिथेन वायू तयार करतात. बायोगॅसमध्ये साधारणपणे 55 ते 65 टक्के मिथेन असतो; उरलेला कार्बन डायऑक्साइड आणि अल्पसा हायड्रोजन सल्फाइड काढून टाकला, की तो वायू दाबाखाली भरून सीएनजीप्रमाणे वाहनांत वापरता येतो, आणि टाकीतून बाहेर पडणारी मळी शेताला खत म्हणून उपयोगी पडते. मात्र मिथेनजनक सूक्ष्मजीव फार नाजूक असतात. आंबलेले अन्न एकदम जास्त पडले, तर टाकीत आम्ल वाढून त्यांचे काम थांबते. आणि गाठ मारलेल्या कॅरीबॅगमधली उष्टी भाजी तर त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, उलट ते प्लास्टिक वर तरंगून साय धरते.

ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही, कारण मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून मिळालेल्या वायूवर 1897 मध्येच दिवे लावले गेले होते. पुढे पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारे घरगुती संयंत्र विकसित केले, ज्याला 2006 मध्ये अॅशडेन पुरस्कार मिळाला. शेणातील बराचसा पोषक भाग जनावराने आधीच पचवलेला असतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाचे पिष्टमय अन्न कितीतरी अधिक वायू देते, या साध्या विचारावर ते संयंत्र आधारलेले आहे.

शेवाळाची वाट अधिक लांबची आहे. काही सूक्ष्म शेवाळांच्या पेशींत तेल साठते आणि मिथेनॉलशी अभिक्रिया घडवून त्याचे बायोडिझेल करता येते. परंतु अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने 1978 ते 1996 या काळात या विषयावर संशोधन करूनही ते तेल खनिज तेलापेक्षा महागच ठरले. लोणारच्या खाऱ्या सरोवराला हिरवी छटा देणाऱ्या स्पिरुलिनात प्रथिने भरपूर आणि तेल कमी, म्हणून बायोडिझेलसाठी ती सोयीची नाही. पाणीटंचाई सोसणाऱ्या मराठवाड्यात पिण्याच्या पाण्यावर शेवाळ वाढवणे अक्षम्य ठरेल. वाढवायचेच असेल, तर नत्र व स्फुरदाने समृद्ध असलेल्या सांडपाण्यावर वाढवावे, ज्यामुळे पाण्याच्या शुद्धीकरणालाही हातभार लागेल.

शेवाळाचे तेल परवडेपर्यंत शहराच्या हाती असलेले इंधन स्वयंपाकघरातच आहे, आणि ते घंटागाडीत सुक्या कचऱ्यापासून वेगळे, प्लास्टिकच्या पिशवीबाहेर काढून टाकणे एवढे काम प्रत्येक घराने आजपासून करावे.