फुरसुंगी-उरुळी : हद्दीच्या आत, हद्दीच्या बाहेर

आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते, तेव्हा हडपसर मागे पडले की फुरसुंगी फाटा येतो, मग उरुळी देवाची फाटा, मग वडकी नाला, आणि समोर दिवे घाट. घाट चढण्याआधी दिंड्या इथे टेकतात. गंमत म्हणजे तुकोबांची पालखी त्याच सुमारास सोलापूर रस्त्याने दुसऱ्या उरुळीला, म्हणजे उरुळी कांचनला जाते. दोन्ही पालख्यांच्या वाटेवर एकेक उरुळी आहे. कांचनची उरुळी गांधीजींच्या निसर्गोपचार आश्रमामुळे देशभर ठाऊक झाली. देवाच्या उरुळीचे आणि शेजारच्या फुरसुंगीचे नाव मात्र पुणेकरांच्या तोंडी बसले ते कचऱ्यामुळे.

ही हवेली तालुक्यातली बागायती गावे. मुठेच्या कालव्याचे पाणी या पट्ट्याला मिळाले, पुणे-मिरज रेल्वेवर फुरसुंगीला स्टेशन आले. ऊस आणि भाजीपाला पिकवायचा, आणि पुण्याच्या बाजारात नेऊन विकायचा, हा शहराशी जुना व्यवहार. १९९१ च्या सुमारास तो उलटा झाला. कोथरूडची वस्ती वाढली, तिथला कचरा डेपो लोकांना नकोसा झाला आणि पालिकेच्या गाड्या उरुळी देवाचीच्या शिवारात रित्या होऊ लागल्या. गाव तेव्हा महापालिकेत नव्हते. ग्रामपंचायत गावाची, मतदान गावचे, कचरा पुण्याचा. ज्यांच्या घरातून तो निघत होता त्यांचा नगरसेवक या गावाला बांधील नव्हता, आणि ज्यांच्या बांधाला तो पडत होता त्यांना पालिकेच्या सभागृहात बोलायला जागा नव्हती. पुढच्या तीस वर्षांच्या सगळ्या भांडणाचे मूळ मला इथे दिसते.

नुसता वास असता तर लोकांनी कदाचित सोसला असता. पण ओल्या कचऱ्यातून काळे पाणी झिरपते. पावसाळ्यात ते ओढ्याला मिळते, जमिनीत मुरते आणि विहिरीत उतरते. ज्या विहिरींवर बागा उभ्या होत्या त्यांचे पाणी तोंडात धरवेना. भर बागायती गाव टँकरची वाट पाहू लागले. उन्हाळ्यात ढिगाला आग लागायची आणि धूर दिवसचे दिवस हलत नसे. माश्यांमुळे ताट झाकून जेवावे लागे. सोयरीक जमवतानाही डेपोचा विषय निघे. शेतकऱ्याला याहून जिव्हारी लागणारे काय असणार?

मग गावकऱ्यांनी गाड्या अडवायला सुरुवात केली. मंतरवाडीच्या बाजूला लोक रस्त्यावर बसत आणि दोन दिवसांत पुण्याच्या पेठांमध्ये कुंड्या ओसंडून वाहू लागत. चर्चा होई, मुदत ठरे, बाधित घरांतल्या तरुणांना नोकऱ्यांचे आणि पाण्याचे आश्वासन मिळे. मुदत उलटे, आणि लोक पुन्हा बसत. २०१० च्या आसपास उघड्यावर कचरा टाकण्याला आळा बसला, ढिगाचा काही भाग माती घालून झाकला गेला. २०१५ ला पुन्हा आंदोलन झाले. एप्रिल २०१७ मध्ये डेपो पेटला आणि गावांनी तीन आठवडे एकही गाडी आत जाऊ दिली नाही. शहराचा रोजचा कचरा तेव्हा दीड हजार टनांच्या पुढे गेलेला होता.

पुण्यात ओला-सुका वेगळा करण्याची शिस्त, स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक बायकांचे दारोदारचे काम आणि प्रभागातले छोटे प्रकल्प यांचे कौतुक होते, ते योग्यच आहे. पण त्या श्रेयात मला फुरसुंगी-उरुळीची माणसेही दिसतात. त्यांनी वाट अडवली नसती, तर आपला कचरा आपणच जिरवायचा हा विचार शहराला इतक्या लवकर सुचला नसता.

याच काळात गावेही बदलत होती. हडपसर, मगरपट्टा वाढत आले, फुरसुंगीत आयटी पार्क उभे राहिले. भेकराईनगर दाट झाले. गुंठ्या-दोन गुंठ्यांवर चार मजली घरे चढली. सासवड रस्त्याला साड्यांची मोठमोठी दुकाने लागली आणि लग्नाच्या बस्त्यासाठी लांबलांबची माणसे येऊ लागली. त्यातल्याच एका दुकानाला मे २०१९ मध्ये पहाटे आग लागली. आत झोपलेले पाच कामगार गेले. दाराला बाहेरून कुलूप होते. त्या रस्त्याने जाताना अजूनही ते आठवते आणि पोटात खड्डा पडतो.

तोवर गावे पालिकेत आली होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावे पुण्यात घेतली गेली, त्यांत ही दोन्ही होती. शहराचा मिळकतकर लगेच सुरू झाला. नळाचे पाणी, ड्रेनेज, रस्ते मात्र मागे राहिले. टँकर येतच राहिले. कर परवडेना तेव्हा बाहेर पडण्याची मागणी जोर धरू लागली. २०२२ च्या डिसेंबरात गावे वगळण्याची घोषणा झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतंत्र नगरपरिषदेची अधिसूचना निघाली आणि २०२५ च्या डिसेंबरात तिची पहिली निवडणूक झाली. आठ वर्षांत एकाच उंबऱ्याने ग्रामपंचायत, महापालिका आणि नगरपरिषद असे तीन कारभार पाहिले.

गावे पुण्यातून बाहेर पडली, पण डेपोची जागा पालिकेकडेच राहिली. जुना कचरा उकरून, चाळून जमीन मोकळी करण्याचे काम तिथे चालले आहे आणि लाखो टनांचे ढीग हळूहळू खाली येत आहेत. नव्या नगरपरिषदेला पाण्याची लाईन टाकायची आहे, रस्ते करायचे आहेत, स्वतःच्या वाढत्या वस्तीचा कचरा कुठे न्यायचा तेही ठरवायचे आहे. आसपासच्या विहिरी अजून तशाच आहेत. त्यांचे पाणी कोणी पीत नाही.