खोलीत बसून ५ जी कुठून आणायचे?

"मोशन प्लॅटफॉर्म घेतला की अगदी खऱ्या गाडीसारखं वाटतं ना?" मंडळातली मुलं विचारतात, आणि पैसे देणारे त्यांचे बाबाही. सॉफ्टवेअरवाला म्हणून उत्तर माझ्याकडून अपेक्षित असतं. ते असं, की थोडंफार वाटतं; पण ज्या गोष्टीसाठी लाखभर मोजायचे, नेमकी तीच मिळत नाही.

फॉर्म्युला वनची गाडी भरधाव वेगात ब्रेक मारते तेव्हा चालकाला साधारण ५ जी (मोबाइलचे नव्हे!) सोसावे लागतात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट. हेल्मेटसकट ७ किलोचं डोकं मानेला ३५ किलोचं होतं. हा जोर खोलीत खराखुरा आणायचा तर अकरावीचं सूत्र लावा: अर्धा गुणिले त्वरण गुणिले वेळेचा वर्ग. ५ जी फक्त २ सेकंद हवे असतील तरी खुर्ची जवळजवळ १०० मीटर पळायला हवी. टोयोटाचा जपानमधला अवाढव्य सिम्युलेटरसुद्धा ३५ बाय २० मीटरमध्येच फिरतो. आपला टू-बीएचके कुठे!

म्हणून मग कानाला फसवतात. आतल्या कानातल्या ज्या भागाला वेगातला बदल कळतो, त्याला पुढे झुकणं आणि ब्रेक लागणं यांतला फरक कळत नाही. प्लॅटफॉर्म आधी छोटा झटका देतो, मग हळूच पुढे कलतो. चित्र मात्र सरळच दिसतं. कलण्याचा वेग सेकंदाला ३ अंशांच्या आसपासच ठेवावा लागतो, नाहीतर कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना चोरी कळते आणि मळमळायला लागतं. ३० अंश कललं तर मिळतो अर्धा जी, आणि तिथवर पोचायला १० सेकंद. तोवर वळण संपलेलंही असतं!

टिकून राहणारा जोर हवा तर गोल फिरायला हवं, जत्रेतल्या मौत का कुआँसारखं. बंगळूरूला हवाई दलाच्या वैमानिकांना सेंट्रिफ्यूजमध्ये असंच फिरवतात. पण रेसमध्ये डावं-उजवं वळण क्षणात बदलतं. एवढं मोठं यंत्र तितक्या चपळाईने फिरवणार कसं?

घरी मला पटतो तो क्रम असा: आधी पायाचा जोर मोजणारं लोड सेलचं ब्रेक पेडल, मग डायरेक्ट ड्राइव्ह स्टिअरिंग, जमलं तर ब्रेकसोबत छातीवर आवळणारा पट्टा. प्लॅटफॉर्म सगळ्यात शेवटी. आणि मुलाला खरोखर ट्रॅकवर उतरायचं असेल, तर मानेचा व्यायाम आजपासूनच. तो कुठलाही सिम्युलेटर करून घेत नाही.