ऐकून घेण्याची विद्या

'समुपदेशन' हा शब्द ज्याने कोणी घडविला त्याने त्याच्या पोटात 'उपदेश' ठेवून दिला, हे आमच्या मते बरे झाले नाही. उपदेश करणाऱ्यांची उणीव आपल्या घरांतून कधीच नव्हती. त्यामुळे अमेरिकेत शिकणारी एखादी पुतणी किंवा भाची 'पदवीनंतर मी हाच विषय घेणार' असे कळविते, तेव्हा घरातील वडील मंडळी साहजिकच विचारतात, 'चार समजुतीच्या गोष्टी सांगावयास सरकारी परवाना कशाला हवा?' प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलीच्या आयुष्याची चार-पाच वर्षे आणि घरचा पुष्कळ पैसा त्यात गुंतावयाचा असतो. म्हणून त्या देशात ही विद्या कशी शिकवितात हे आम्ही येथे जरा विस्ताराने सांगत आहो.

१९५५ साली अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे पडून होती. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली, आणि रोग्यास दूरच्या भिंतींआड न ठेवता त्याच्या वस्तीतच साह्य द्यावे असे धोरण ठरले. परंतु वस्तीतील केंद्राची पायरी चढणारा प्रत्येक मनुष्य काही रोगी नसतो. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाचा नवरा दारू पितो, कोणाचे मूल दगावलेले असते. अशांचे दुःख औषधाने भागत नाही आणि शेजाऱ्याच्या सांत्वनानेही सरत नाही. ही मधली जागा समुपदेशकाची होय. त्यास परवाना देणारा पहिला कायदा १९७६ साली व्हर्जिनिया राज्याने केला. पन्नासावे राज्य कॅलिफोर्निया, त्यास २००९ साल उजाडले.

परवान्यापूर्वी एम. ए. किंवा एम. एस. ही पदवी लागते. 'कॅक्रेप' ही संस्था १९८१ पासून अशा अभ्यासक्रमांची पारख करते. तिच्या नियमांप्रमाणे ६० श्रेयांकांचा अभ्यास, त्यानंतर १०० तासांचा प्राथमिक सराव आणि पुढे ६०० तासांची उमेदवारी करावी लागते. मानवी वाढ, मनोविकारांची ओळख, कसोट्या, नीतिनियम हे विषय पुस्तकांतून येतात. त्यांविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. खरी शाळा सरावाची. समोरच्या माणसाची संमती घेऊन संभाषणाचे मुद्रण करतात, आणि मग ते शिक्षकासमोर ऐकावयाचे. शिक्षक मध्येच यंत्र थांबवून विचारतो, 'ती बाई गप्प झाली तेव्हा तुम्ही का बोललात? ते मौन तिला सोसवेना, की तुम्हाला?'

हा प्रश्न आमच्या मते साऱ्या शिक्षणाचे मर्म आहे. घरातील आत्याबाई सासुरवाशिणीस 'थोडे सोस, दिवस पालटतील' असे सांगतात तेव्हा त्यांच्या मायेबद्दल शंका नसते. पण त्या त्या घरच्याच असतात. भांडण मिटले, न मिटले, त्यात त्यांचेही सुखदुःख असते. विद्यार्थ्यास हे स्वतःच्या बाबतीत ओळखावयास शिकवितात: आपली घाई कोणती, आपला राग कोठला, आणि आपण सल्ला देतो तो समोरच्यास हवा म्हणून की आपल्याला मोकळे व्हावयाचे म्हणून. हुशार मुलांस हे सर्वांत जड जाते.

दुसरी कठीण गोष्ट गुप्ततेची. १९६९ साली कॅलिफोर्नियात, भारतातूनच शिकावयास गेलेल्या एका तरुणाने एका तरुणीस ठार मारण्याचा मनोदय आपल्या उपचारकास बोलून दाखविला. उपचारकाने विद्यापीठाच्या पोलिसांस कळविले. पोलिसांनी तरुणास सोडून दिले. तरुणीस कोणीच सावध केले नाही आणि खून झाला. १९७६ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ज्याच्या जिवास धोका आहे त्याच्या रक्षणाची वाजवी खटपट करणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली नेमके हेच कर्तव्य मानण्याचे नाकारले! तेव्हा कोणते गुपित कोठे राखावे, हे केवळ सज्जनपणावर सोडता येत नाही. ज्या राज्यात काम करावयाचे तेथील कायदा पाठ असावा लागतो.

पदवी हाती आली तरी स्वतंत्र पाटी लावता येत नाही. राज्याने मान्य केलेली परीक्षा द्यावी लागते, आणि परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करावे लागते. न्यूयॉर्क व कॅलिफोर्नियात ते ३,००० तास आहे. म्हणजे सुमारे दोन वर्षे. विद्यार्थिदशेतील उमेदवारी बहुधा बिनपगारी, पुढील दोन वर्षांचा पगार बेताचा, आणि देखरेख करणाराच्या मानधनाचा भार कित्येकदा उमेदवारावरच. तास कमी करावेत असे आम्ही म्हणणार नाही. परक्याच्या संसारात हात घालणाराचा हात आधी कोणीतरी पाहिलाच पाहिजे. पण हा खर्च उमेदवाराच्या माथी मारल्याने, ज्यांनी गरिबी जवळून पाहिली अशीच माणसे या धंद्यातून गळतात, हा अन्याय आहे. वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने, म्हणजे मेडिकेअरने, समुपदेशकांचे शुल्क देण्यास सुरुवात केली तीही २०२४ च्या जानेवारीत.

शिवाय परवाना त्या त्या राज्यापुरताच असतो. नवऱ्याची बदली झाली की मुलीस दुसऱ्या राज्यात पुन्हा अर्ज करावा लागतो. यावर उपाय म्हणून राज्याराज्यांत करार झाला असून १० राज्यांनी मान्यता दिल्यावर २०२२ साली तो अमलात आला. पुढे आणखी राज्ये त्यात आली. मुलगी स्वदेशी परतणार असेल तर निराळा विचार हवा. आपल्याकडे चिकित्सक मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापिलेली भारतीय पुनर्वसन परिषद करते, आणि २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने समुपदेशकांचेही काही वर्ग आपल्या यादीत घेतले आहेत. अमेरिकेतील राज्याचा परवाना येथे आपोआप चालत नाही. तेव्हा प्रवेशाचे शुल्क भरण्यापूर्वी मुलीने कोठे राहावयाचे योजिले आहे हे तिलाच विचारावे, आणि ती उत्तर देईपर्यंत थांबावे.