ओट्यावरचे आणि कोठीतले

मुलगी संगणकापुढे बसलेली असते. जेवणाची वेळ टळून जाते. आई दोनदा हाक मारते. तिसऱ्यांदा ती भिंतीवरच्या बटणाकडे हात नेते. त्याबरोबर मुलगी ओरडते, "अगं आई, थांब! बटण नको बंद करूस! सगळं जाईल!"

हल्ली पुष्कळ घरांत हे घडते. आईला वाटते, पोर उगाच ओरडली. पंखा बंद केला म्हणून पंख्याचे काही जात नाही. रेडिओचेही जात नाही. मग या यंत्राचेच काय जाते? आईचा प्रश्न रास्त आहे. ज्या घरातले मूल संगणकाचे शिक्षण घेते, त्या घरात तर याचे उत्तर सर्वांना ठाऊक हवे.

आपल्या घरात ओटा असतो आणि कोठी असते. भाजी चिरायची ती ओट्यावर, कणीक मळायची ती ओट्यावर. ओटा हाताशी असतो, पण लहान असतो. डाळ, तांदूळ, गहू कोठीत राहतात. कोठी मोठी, पण तिथून जिन्नस आणायला उठावे लागते. संगणकातही अशा दोन जागा असतात. काम चालू असते ते ओट्यावर. त्या ओट्याला रॅम म्हणतात. ठेवणीतले सारे कोठीत. त्या कोठीला हार्ड डिस्क म्हणतात. नव्या यंत्रांत तिच्या जागी बहुधा एसएसडी असते. काम तेच, फक्त ती जलद चालते.

पण हा ओटा मोठा चमत्कारिक आहे बरे का! वीज आहे तोवरच त्यावरचे टिकते. रॅममध्ये विजेचे अगदी बारीक साठे असतात. ते भोक पडलेल्या भांड्यासारखे सारखे गळत असतात. म्हणून संगणक ते सेकंदाला दहाहून अधिक वेळा पुन्हा भरतो. वीज गेली की भरणारा कोणी उरत नाही. क्षणात ओटा कोरा! हार्ड डिस्कवर लोहचुंबकाच्या खुणा असतात. त्यांना टिकायला वीज लागत नाही.

मुले 'सेव्ह करते', 'सेव्ह करतो' म्हणतात, ते हेच. ओट्यावरचे उचलून कोठीत ठेवायचे. आता पुष्कळ ठिकाणी यंत्र हे आपणहून थोड्या थोड्या वेळाने करते. पण सगळीकडे नाही, आणि शेवटची चार वाक्ये तरी जातातच. शिवाय कोठीत माल ठेवता ठेवता वीज गेली तर कोठीची यादीच बिघडू शकते. मग माल आत असूनही सापडत नाही. म्हणून संगणक नेहमी त्याच्या रीतीने बंद करावा, भिंतीवरचे बटण त्यानंतर. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्याला ही भीती कमी. टेबलावरच्या मोठ्या संगणकाला यूपीएस जोडतात. लाइट गेली तर काम आवरायला चार मिनिटे मिळावीत, एवढ्यासाठी तो असतो. त्यावर तासभर काम करीत बसू नये.

आता कोठीत ठेवतात तरी काय? संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. तोही शून्य आणि एक या दोनच खुणांनी लिहिलेला. म्हणून प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून दिला आहे. 'क'चा आकडा २३२५, 'ख'चा २३२६, 'ग'चा २३२७. या ठरावाला युनिकोड म्हणतात. तो १९९१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात देवनागरी पहिल्यापासून आहे. 'काकी' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा. संगणक मात्र क, काना, क आणि वेलांटी अशा चार खुणा मोजतो.

एक मराठी खूण साठवायला आज बहुतेक ठिकाणी २४ शून्य-एक लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक चालू झाला. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्याच्या ओट्यावर जास्तीत जास्त २,०४८ कप्पे होते आणि एका कप्प्यात ४० शून्य-एक मावत. हिशेब करून पाहा. तुम्ही वाचता आहात तो हा धडासुद्धा त्यात पुरा मावला नसता! आज घरातल्या साध्या संगणकाच्या कोठीत असे लाखो धडे राहतात.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. युनिकोड सगळीकडे रुळण्याआधी मराठी टंकलेखनाच्या निरनिराळ्या तऱ्हा होत्या. आकडे इंग्रजी अक्षरांचे, चित्र फक्त मराठीचे. असा जुना कागद दुसऱ्या संगणकावर उघडला तर इंग्रजी अक्षरांची नुसती गर्दी दिसते. घरात कोणाचे जुने लिखाण असे पडून असेल तर मुलांकडून ते युनिकोडमध्ये करून घ्यावे. कोठीत आहे पण वाचता येत नाही, असे धान्य काय कामाचे?

इथवर आपण कोठीवर भरवसा ठेवला. पण कोठीलाही उंदीर लागतात. हार्ड डिस्क फिरून फिरून झिजते. लॅपटॉप हातातून पडतो, चोरीला जातो. पेन ड्राइव्ह तर किल्लीएवढी, ती हरवायला कितीसा वेळ! वर्षाच्या शेवटी मुलांना कॉलेजात प्रकल्प दाखवावा लागतो. त्यात महिनोन् महिने गेलेले असतात. संगणक पुन्हा विकत घेता येतो, तोही ओढाताण करूनच. ते महिने कोणत्या दुकानात मिळणार?

शेतकरी सगळे बियाणे एका कणगीत ठेवत नाही. तसेच इथे करावे. एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर, आणि जमल्यास तिसरी घराबाहेर. घराबाहेरची प्रत इंटरनेटवरून दूरच्या मोठ्या संगणकांवर ठेवता येते. त्याला क्लाउड म्हणतात. नाव ढगाचे, पण ती कोठी जमिनीवरच असते, फक्त दुसऱ्याची. तिचा पासवर्ड विसरू नये. आणखी एक. पुष्कळदा घरचा संगणक आणि क्लाउड एकमेकांशी जुळवून ठेवलेले असतात. इथे पुसले की तिथेही पुसले जाते. तेवढ्यावर विसंबून राहू नये.

वेगळी डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम दीडशेच्या आसपास देशांत पसरला. तो लोकांच्या फायलींना जणू कुलूप घालत असे आणि किल्लीसाठी पैसे मागत असे. ब्रिटनमधल्या इस्पितळांची कामे त्याने अडवली. असा प्रोग्रॅम जोडून ठेवलेल्या डिस्कलाही सोडत नाही. कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

संगणक शिकणारी मुले वर्गात 'गिट' नावाचे साधन शिकतात. लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. कामात केव्हा काय बदलले, याची नोंद ते ठेवते. कालचे बिघडले तर परवाचे काढता येते. हे वर्गात शिकलेली मुलेही घरचे फोटो मात्र एकाच मोबाइलमध्ये ठेवतात, हे आम्हाला नवल वाटते!

सगळ्याच गोष्टींच्या प्रती करीत बसू नये. सिनेमे आणि गाणी जाऊ द्यात, ती पुन्हा मिळतील. सातबाराही पुन्हा काढता येतो. आजीचा एकुलता एक फोटो, मुलीचा प्रकल्प, घरखर्चाची वही संगणकात लिहीत असाल तर ती, एवढे आधी घ्यावे. महिन्यातून एक दिवस ठरवावा. प्रकल्प चालू असेल तर रोज रात्री. आई-वडिलांनी फक्त विचारावे, "दुसरी प्रत केलीस का गं?" तेवढे विचारायला संगणक शिकावा लागत नाही.

डिस्कवर कागद चिकटवून तारीख घालावी. आणि प्रत केली की ती एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. पुष्कळांची प्रत रिकामी निघते, आणि ते कळते पहिली गेल्यानंतर. घरी दुसरा संगणक नसेल तर शेजारी विचारावे, नाहीतर मुलीने कॉलेजात पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे.