टायरवर हात फिरवून बघा

गणपतीला कोकणात जायचं होतं, म्हणून गाडी टायरवाल्याकडे नेली. पुढच्या दोन्ही टायरांची नक्षी बाहेरच्या कडेला उडाली होती. सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग सारखं सावरावं लागत होतं. दोन टायर नक्की, वेळ पडली तर चार, असा हिशेब करूनच मी गेलो होतो. मिस्त्रींनी चाक काढलं, उभं धरलं आणि म्हणाले, "साहेब, यावरून हात फिरवा. आधी बाहेरून आत." फिरवला, गुळगुळीत लागलं. "आता उलटा." आतून बाहेर हात आणला, तर नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची कड करवतीच्या दातासारखी बोटांना लागली.

"नवे टायर आत्ता चढवतो," मिस्त्री म्हणाले, "पण सहा महिन्यांनी असेच परत घेऊन याल."

दोष टायरचा नव्हताच. स्टेअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीचा सांधा, म्हणजे टाय रॉड एंड, झिजला होता. त्यामुळे पुढची चाकं किंचित आत वळून चालत होती. चाकाचं तोंड प्रवासाच्या दिशेपासून एक अंश जरी ढळलं, तरी ते दर किलोमीटरला सुमारे १७ मीटर आडवं घासतं. पुणे ते रत्नागिरी या तीनशे किलोमीटरच्या वाटेवर असं चाक पाच किलोमीटर नुसतं फरफटत जातं. घासताना ठोकळ्याची पुढची कड गोल होते आणि मागची धारदार राहते. माझ्या बोटांना लागली ती हीच धार. गाडीचं दुखणं रबरावर लिहिलेलं होतं, मला ते वाचता येत नव्हतं.

पंजाएवढी जमीन

टायरकडे आपण फारसं लक्ष देत नाही, पण गाडीचा सगळा भरवसा त्याच्यावर असतो. साधा हिशेब करून पाहू. माणसांसकट गाडीचं वजन १,२०० किलो धरलं, तर एका चाकावर सरासरी ३०० किलो येतात. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल तर तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो होतो. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम मोठ्या माणसाच्या पंजाएवढी जागा. इंजिनाची ताकद, ब्रेकचा जोर, घाटातल्या वळणावर बाहेर फेकणारा रेटा, हे सगळं या चार पंजांवरच तोललेलं असतं.

या पंजात रबर दोन कामं एकदम करतं. डांबराच्या बारीक खडबडीत ते दबून शिरतं आणि बाहेर येताना थोडी ऊर्जा गिळतं. ही गिळलेली ऊर्जा म्हणजेच पकड. पण टायर नुसता गोल फिरत असतानाही रबर दबतं, सुटतं आणि ऊर्जा गिळतं. त्यात इंधन वाया जातं. म्हणूनच जो टायर चांगला धरतो तो ॲव्हरेज कमी देतो आणि जो खूप टिकतो तो ओल्या रस्त्यावर घसरतो, अशी जुनी कुचंबणा होती. १९९०च्या दशकात रबरात सिलिका मिसळण्याचं तंत्र आलं आणि ती बरीच सैल झाली. चाक फिरताना रबर सेकंदाला पाच-पन्नास वेळा दबतं, तर खडबडीत घसरताना हजारो वेळा. सिलिकाचं मिश्रण पहिल्या प्रकारात कमी ऊर्जा गिळतं आणि दुसऱ्या प्रकारात जास्त. आपल्याकडेही २०२२ साली केंद्र सरकारने टायरसाठी ओल्या रस्त्यावरची पकड, चालताना होणारा विरोध आणि आवाज यांच्या मर्यादा ठरवून दिल्या. त्यामुळे दुकानात "किती किलोमीटर चालेल?" या प्रश्नाआधी "पावसात कसा धरतो?" हे विचारायला हरकत नाही.

टायरच्या अंगावरचे आकडे

माझ्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलेलं आहे. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. आतले धागे तिरपे न जाता आडवे, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात. हे तंत्र फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने १९४६ साली पेटंट केलं. १५ हा रिमचा व्यास इंचांत. ८८ या आकड्याचा अर्थ एक टायर ५६० किलो पेलू शकतो आणि 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. शेवटचे दोन संकेत कंपनीने दिले असतील त्याहून कमी घेऊ नयेत.

एका छोट्या लंबगोलात चार आकडे असतात, तेही पाहा. २३२४ असेल तर टायर २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. रबर न वापरताही कडक होतं, म्हणून स्वस्तात मिळणारा 'नवा' टायर गोदामात किती वर्षं पडून होता हे घेण्याआधी वाचावं.

रुंद टायर आणि मोठा अलॉय दिसायला झोकात दिसतो. १८५/६५ आर १५च्या जागी २०५/५५ आर १६ घातला तर चाकाचा व्यास दीड-दोन टक्केच वाढतो, तेवढं चालून जातं. पण टायरची भिंत बुटकी होते. खड्ड्याचा पहिला मार ही भिंतच झेलते. ती बुटकी असली की रिमला पोचा येतो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नसते.

बादलीभर पाणी, सेकंदाला

नक्षीचं खरं काम पाण्याला वाट करून देण्याचं आहे. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली आहे, असं समजा. टायरचा १५ सेंटिमीटरचा पट्टा जमिनीला लागतो. तेव्हा प्रत्येक चाकाला सेकंदाला सुमारे दहा लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे दर सेकंदाला छोटी बादली रिकामी करण्यासारखं. खाचांना तेवढं जमलं नाही की पाणी टायरखाली पाचरीसारखं शिरतं आणि चाक तरंगू लागतं. मग स्टेअरिंग फिरवा, ब्रेक दाबा, गाडीला काही कळत नाही.

नासाचे वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवरून यासाठी एक सोपं सूत्र काढलं. त्यानुसार तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ३२ पीएसआयला तो ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो आणि २४ला ८२च्या. मोटारीच्या टायरला हे आकडे काटेकोर लागू होत नाहीत, पण इशारा स्पष्ट आहे. हवा कमी असली की टायर लवकर तरंगतो. नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते आणि कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचेच्या तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण कोकणातल्या पावसात पार 'गोटा' होईपर्यंत थांबू नये. तीन मिलिमीटर उरली की बदलाचा विचार करावा.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे कुठे घालायचे? बहुतेक जण पुढे घालतात, कारण गाडी पुढची चाकं ओढतात. पण नवे मागेच घालावेत. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ पुढे जाते, तेव्हा पाय उचलला की बहुतेकदा सावरते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि तेव्हा तिला सावरणं सराईत ड्रायव्हरलाही अवघड जातं.

हवा थंड टायरमध्येच

किती हवा भरायची हे टायरवर लिहिलेलं नसतं. तिथला आकडा कमाल दाबाचा असतो. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. समृद्धी महामार्गावर दुपारी दोन तास चालवल्यावर टायरमधली हवा २५ वरून ६५ अंशांवर गेली, तर ३२चा दाब आपोआप ३८ होतो. तेव्हा कोणी पंपावर "जास्त आहे" म्हणून हवा काढली, तर टायर थंड झाल्यावर २६वर उतरतो. मग त्याची भिंत जास्त वाकू लागते. माझा टायर एका किलोमीटरमध्ये पाचशेहून जास्त वेळा फिरतो. ताशी शंभरच्या वेगाने भिंतीचा प्रत्येक तुकडा तासात पन्नास हजार वेळा वाकतो. त्यातून निघणारी उष्णता रबर सैल करते आणि शेवटी टायर फुटतो. हवा जास्त झाल्यामुळे टायर फुटल्याचं बोललं जातं, पण बरेचदा खरं कारण कमी हवा असतं. नायट्रोजन भरला म्हणजे चिंता मिटली, हेही खरं नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

झीज काय सांगते

दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत राहिला, तर हवा कमी होती. मध्य झिजला, तर जास्त होती. फक्त आतली कड गेली, तर बहुधा चाक वरून आत कललेलं आहे, म्हणजे कॅम्बर बिघडला आहे. करवतीची धार लागली, तर टो, म्हणजे चाकांचं आत-बाहेर वळणं, बिघडला आहे. जागोजागी खळगे पडले असतील, तर शॉकॲब्सॉर्बर पाहावा.

शॉकॲब्सॉर्बरचं काम बहुतेकांना उलटं वाटतं. धक्का स्प्रिंग पेलते. पण स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा ती परत सोडते आणि गाडी सेकंदाला एक-दीड वेळा वरखाली डुलू लागते. शॉकॲब्सॉर्बर आपल्या आतलं तेल बारीक भोकांतून दाबून त्या ऊर्जेची उष्णता करतो. तो गेला की चाकही रस्त्यावर उड्या मारतं, आणि जिथे जिथे आपटतं तिथे खळगा पडतो. तपासायचं सोपं आहे. बोनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन सोडा. गाडी एकदा वर येऊन बसली तर ठीक. डुलत राहिली तर शॉकॲब्सॉर्बर गेला. मागे सामान भरलं की गाडी बसते म्हणून काही जण स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालतात. गाडी उंच दिसते, पण तेवढे वेटोळे कामातून जातात, स्प्रिंग कडक होते आणि खड्ड्यातला मार थेट कण्यात बसतो.

ताशी ८० ते १०० दरम्यान स्टेअरिंग थरथरतं आणि त्याच्या खाली-वर शांत होतं, तर बॅलन्सिंग पाहा. रिमच्या काठावर फक्त २० ग्रॅम वजन जास्त असलं, तरी ताशी शंभरच्या वेगाने ते सेकंदाला चौदा वेळा सुमारे तीन किलोच्या जोराने चाक हलवतं. चाक आणि त्याची बैठक यांची स्वतःची थरथरही साधारण याच लयीची असते, म्हणून ती नेमकी याच वेगाला जाणवते. ताशी ५० वर हा जोर पाव होतो आणि लयही जुळत नाही.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी चारही टायरांची हवा मोजा, मग पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहा. ओढ बाजू बदलली, तर दोष टायरचा. तीच राहिली, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, पाहा किंवा अडकलेला ब्रेक. रस्त्याचा उतार डावीकडे असेल तर गाडी हलकी डावीकडे जाणारच, तो दोष नाही. छोट्या खड्ड्यांवर टकटक झाली तर बहुधा लिंक रॉड असतो. मोठ्या दणक्यात धाडधाड झाली तर लोअर आर्मचे बुश किंवा शॉकॲब्सॉर्बरचे वरचे माउंट. ते सैल राहिले तर अलाइनमेंट करूनही टिकत नाही, म्हणून आधी सांधे, मग अलाइनमेंट, मग टायर, हा क्रम पाळावा.

त्या दिवशी मी टाय रॉड एंड बदलला, अलाइनमेंट करून घेतली आणि चार नव्हे, दोनच टायर घेतले. नवे मागे बसवले आणि मागचे चांगले टायर पुढे आले. कशेडी घाट पावसात उतरताना स्टेअरिंग एकदाही सावरावं लागलं नाही. तुमचं चाक काढलं जाईल तेव्हा जुना टायर भंगारात टाकायची घाई करू नका. त्यावरून हात फिरवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर.